आभाळाला भूल

"चार आठवडे द्या. आपल्या ऑपरेशन थिएटरमधून जो वायू आभाळात जातो, तो मी निम्म्यावर आणून दाखवते. आणि कुठल्याही पेशंटच्या झोपेत एका मिनिटाचीही काटछाट न करता."

महिन्याच्या बैठकीत भूलताईंनी हे जाहीर केलं तेव्हा रुग्णालयाचे अधीक्षक चहात बिस्किट बुडवून बसले होते. वाक्य संपेपर्यंत बिस्किट तुटून तळाला गेलं. ते चमच्यानं शोधत ते म्हणाले, "घ्या, चार आठवडे घ्या."

भूलताई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. त्या भूल देणाऱ्या डॉक्टर. टॉन्सिल काढायला आलेल्या एका सात वर्षांच्या मुलीनं त्यांना हे नाव दिलं आणि ते असं चिकटलं की नोटीस बोर्डावरच्या यादीतसुद्धा तेच लिहिलं जाऊ लागलं. वय बावन्न, अनुभव सव्वीस वर्षांचा, आणि कुतूहल हा जुना आजार. एखादी गोष्ट डोक्यात शिरली की तिचा पत्ता लागेपर्यंत त्यांना घास गिळवत नसे.

या वेळी डोक्यात शिरली होती एक नळी. भूल देण्याच्या यंत्रामागून निघून भिंतीत जाणारी. रविवारी एका वैद्यकीय मासिकात त्यांनी वाचलं, की पेशंटला हुंगायला दिलेला भुलीचा वायू शरीरात जवळजवळ खर्चच होत नाही. जसा जातो तसा उच्छ्वासातून परत येतो आणि त्या नळीवाटे थेट बाहेर पडतो. मग वर जाऊन पृथ्वीभोवती गोधडीसारखा पसरतो आणि उष्णता धरून ठेवतो. काही वायू तर शंभर वर्षं हलत नाहीत.

सव्वीस वर्षं ती नळी रोज डोळ्यांसमोर होती. ती जाते कुठे, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. सोमवारी सकाळी त्या गच्चीवर चढल्या. पाण्याच्या टाकीमागे नळीचं वाकडं तोंड सापडलं. त्यावर एक कबूतर बसलं होतं. ते पूर्ण शुद्धीत होतं, हे त्यांनी थोडा वेळ थांबून तपासून घेतलं.

"म्हणजे पेशंट अर्धा जागा ठेवणार तुम्ही?" बैठकीत सर्जननं विचारलं. या सर्जनचे टाके इतके नेटके, की विद्यार्थी त्यांचे फोटो काढून ठेवत. त्याचा त्याला अभिमान होता आणि तो अभिमान तो कुणापासून लपवत नसे.

"नाही हो. नळ सोडून ठेवून दात घासायचं बंद करणार, इतकंच. दात तेवढेच स्वच्छ."

पहिला आठवडा छान गेला. यंत्रातून मिनिटाला चार लिटर सुटणारा वायू भूलताईंनी अर्ध्या लिटरवर आणला, कारण पेशंटनं सोडलेलाच वायू शुद्ध करून पुन्हा वापरायची सोय यंत्रात होतीच. डेसफ्लुरेन नावाचं औषध, जे या बाबतीत सगळ्यांत वाईट, त्याच्या बाटल्या कपाटात कुलूपबंद केल्या. पेशंट आधीसारखेच झोपले, आधीसारखेच उठले आणि उठल्यावर आधीसारखेच "झालं का?" म्हणाले.

मग त्या वळल्या नायट्रसकडे. लोक ज्याला हसवणारा वायू म्हणतात तो हा. निळ्या सिलिंडरांत भरलेला, तळमजल्यावरच्या एका खोलीतून पाइपानं थिएटरपर्यंत येणारा. त्या खोलीचे राजे म्हणजे मामा. थिएटरचे सगळ्यांत जुने तंत्रज्ञ. मितभाषी माणूस, शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली आणि पाना कायम खिशात.

"मामा, नायट्रस आठवड्याला किती लागतो?"

"दोन सिलिंडर. सोमवारी एक, गुरुवारी एक. बावीस वर्षांत एकदाही चुकलं नाही."

"वापरतं कोण?"

मामा थोडे गोंधळले. "तुम्हीच की, मॅडम."

"मी तो आधीही क्वचितच वापरायचे. तीन वर्षांत तर हातही लावला नाही."

"मग त्या दुसऱ्या भूलवाल्या डॉक्टर."

दुसऱ्या डॉक्टरांना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मी? मला वाटलं तुम्हीच वापरता."

झालं. भूलताईंची भूक गेली. आठवड्याला दोन माणूसभर उंचीची सिलिंडरं रिकामी होत होती आणि वापरणारा एकही नव्हता.

"मॅडम," मामा हळूच म्हणाले, "माझ्यावर संशय आहे का?"

"छे हो. तुम्ही नायट्रस घरी नेऊन करणार काय?"

"तेच म्हणतो मी."

दोघांनी मिळून सिलिंडरांच्या खोलीतला प्रत्येक जोड साबणाच्या पाण्यानं माखला. गळती असेल तिथे फुगा येतो. कुठेही फुगा आला नाही. मामांनी पाना खिशात ठेवला. "सांगितलं होतं." पुढे पाइप भिंतीत शिरत होता आणि भिंतीतून तो कुठे कुठे जातो, हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. इमारतीचा नकाशा मिळाला, पण त्यात आत्ता जिथे लिफ्ट होती तिथे बाग दाखवलेली होती.

दरम्यान रुग्णालयात बातमी फिरली, की हसवणारा वायू कुणीतरी चोरतंय आणि भूलताई चोर शोधताहेत. तीन दिवस तिथे कुणी कुणासमोर हसलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात भूलताईंनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. थिएटरमधल्या सहकाऱ्यांना आठवण राहावी म्हणून त्यांनी एक पोस्टर केलं. घोषवाक्य रात्रभर जागून... नाही, खरं सांगायचं तर भाजी चिरता चिरताच सुचलं होतं, पण त्यांना ते फार आवडलं. हिरव्या अक्षरांत: "भूल कमी, पृथ्वी सुखी."

छापणाऱ्यानं दोनच्या ऐवजी वीस प्रती काढल्या. त्या वाया जाऊ नयेत म्हणून सफाईच्या मावशींनी, ज्या कामाला अत्यंत चोख, त्या सगळ्या लावून टाकल्या. बाह्यरुग्ण विभागात, लिफ्टमध्ये, प्रसूती कक्षाच्या दारावर, आणि एक ऑपरेशनसाठी थांबलेल्या पेशंटांच्या बाकासमोर, बरोबर डोळ्यांच्या रेषेत.

बुधवारी सकाळी भूलताई आल्या तेव्हा त्यांच्या खोलीबाहेर रांग होती.

"आमच्या आईला अर्धीच देणार का?" एका मुलानं विचारलं. "तिचं वजन जास्त आहे. तिला आधीच कमी पडेल."

"कमी म्हणजे नक्की कुठल्या भागाला कमी?" दुसऱ्याची शंका.

एक आजोबा घरून झोपेच्या गोळ्या घेऊन आले होते. "तुमच्याकडची संपली तर ही माझी," म्हणून त्यांनी पुडी दाखवली. "दोन घेतल्यात, चार ठेवल्यात." भूलताईंनी पुडी काढून घेतली आणि त्यांचं ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर ढकललं. आजोबा तोवर बाकावरच घोरू लागले होते. रांगेतल्या एकट्या आजीबाई समजूतदार निघाल्या. "मला जरा कमीच दे गं," त्या म्हणाल्या. "दुपारी जास्त झोपले की रात्री डोळा लागत नाही."

भूलताई प्रत्येकाला समजावत होत्या, तेवढ्यात सर्जन आला. आवाज चढलेला नव्हता, हे अधिक वाईट.

"माझा हर्नियाचा पेशंट गेला."

"गेला?"

"पळून गेला. पोस्टर वाचलं, चपला घातल्या आणि गेला. मनगटावर रुग्णालयाची पट्टी तशीच. तो हर्निया दोनदा अडकून बसलाय. तिसऱ्यांदा अडकला तर आतडं काळं पडेल. पोस्टर तुमचं. पेशंट तुम्ही आणा."

पेशंट शिंपी होता. सगळे त्याला मास्तर म्हणत. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान, एका माणसाला वळता येईल आणि दुसऱ्यानं श्वास आत घ्यावा, एवढं. भूलताई पोचल्या तेव्हा मास्तर एका हातानं कोट शिवत होते आणि दुसरा हात जांघेवर दाबून धरलेला होता. वाफेच्या इस्त्रीची नळी फुसफुसत होती. मास्तरांनी न बघता पाय लांब करून ती बंद केली.

"बसा," ते म्हणाले. बसायला जागा नव्हती, म्हणून भूलताई उभ्या राहिल्या.

"मास्तर, तुमचा गैरसमज झालाय."

"गैरसमज कसला? मोठ्या अक्षरात लिहिलंय. हे बघा बाई, माझ्याकडे गिऱ्हाईक येतं, म्हणतं, कापड कमी आहे, जमवून घ्या. मी जमवतो. पण मग बाही आखूड होते. पृथ्वी सुखी होवो, माझं काही म्हणणं नाही. पण तिच्यासाठी माझी बाही आखूड नको."

भूलताईंनी दुकानात इकडेतिकडे पाहिलं. मशिनखाली चिंध्यांचं पोतं होतं.

"एका कोटामागे किती चिंध्या निघतात?"

"कापणाऱ्यावर आहे. मी कापला तर मूठभर. माझ्या भावानं कापला तर पोतंभर."

"पण कोट दोघांचाही पूर्ण मापाचा?"

"म्हणजे काय. माप ते माप."

"मी कोट लहान करत नाहीये, मास्तर. मी फक्त चिंध्या कमी करतेय. इतकी वर्षं मी तुमच्या भावासारखी कापत होते."

मास्तरांनी सुई कोटात खोचली. बराच वेळ त्यांनी भूलताईंकडे पाहिलं, जसं ते एखाद्या कापडाकडे बघत असावेत, उलटसुलट. मग त्यांच्या डोळ्यांत काहीतरी लुकलुकलं. भूलताईंना ते ओळखीचं वाटलं. आरशात त्या ते रोज पाहत असत.

"चिंधी अजिबात न पडता होतं का काही?"

"होतं. पाठीत एक इंजेक्शन. कमरेखालचं सगळं बधिर. हुंगायचा वायूच लागत नाही. तुमच्या ऑपरेशनला ते उत्तम बसतं. पण तुम्ही जागे राहाल."

"दुखणार?"

"नाही. कुणीतरी हात लावतंय, ओढतंय, एवढं कळेल. दुखलं तर मला सांगायचं, मी डोक्याशी बसलेली असेन. नको असेल तर पूर्ण झोप देते, मापाची."

मास्तरांनी कोट घडी करून बाजूला ठेवला. "चाळीस वर्षं मी लोकांना शिवतोय," ते म्हणाले. "म्हणजे लोकांचे कपडे. समोरचा माणूस कसा शिवतो ते एकदा ऐकायला हरकत नाही."

शुक्रवारी मास्तर टेबलावर आले. पाठीत इंजेक्शन दिलं. पाय जड झाले, मग नाहीसे झाले. "गेले," मास्तर कुतूहलानं म्हणाले. छातीवर हिरवा पडदा उभा राहिला. पलीकडे सर्जन कामाला लागला आणि इकडे भूलताई मास्तरांच्या डोक्याशी स्टुलावर बसल्या. मामा यंत्रापाशी उभे होते.

अर्धा तास सगळं सुरळीत चाललं होतं. पडद्यामुळे मास्तरांना काही दिसणार नाही, असं सगळे धरून चालले होते. वरच्या मोठ्या दिव्याच्या चकचकीत कडेत सगळं प्रतिबिंब पडतं, हे कुणाच्या लक्षात नव्हतं. कारण एरवी तिकडे बघणारा माणूस झोपलेला असतो.

"डॉक्टर," मास्तर अदबीनं म्हणाले, "टाका जरा लांब पडतोय."

सर्जनचा हात थांबला. "कोण बोललं?"

"मी. पेशंट."

"मास्तर, ही हर्नियाला आधार द्यायची आतली जाळी आहे. इथे असाच टाका घालतात."

"असेल, असेल. तुमच्या धंद्यातलं मला काय कळतं." मास्तरांनी आणखी दोन टाके पाहिले. मग त्यांना राहवलं नाही. "पण दोरा ओढताना तुम्ही मनगट वळवता. दिवसभर असं केलंत तर संध्याकाळी कोपर दुखत असेल."

सर्जनचं कोपर दोन वर्षांपासून दुखत होतं. हे फक्त त्याच्या बायकोला माहीत होतं.

"मग कसं ओढायचं?" सर्जननं शेवटी विचारलं. इतक्या हळू, की नर्सला वाटलं तो चिमटा मागतोय, आणि तिनं तो दिला.

"मनगट सरळ. दोरा बोटांनी सोडायचा, हातानं ओढायचा नाही. हां, अस्सं."

कातडीचे टाके सुरू झाले तेव्हा सर्जन घामाघूम झाला होता. परीक्षेलासुद्धा त्याला इतका घाम आला नव्हता. कुणी बोलत नव्हतं. सर्जन नेहमी गाणी लावत असे, तीही आज त्यानं बंद करायला सांगितली होती. आणि त्या शांततेत मास्तरांनी मान थोडी डावीकडे केली.

"बाई, तुमची इस्त्री चालू आहे का?"

"इस्त्री?"

"वाफ निसटतेय कुठेतरी. त्या कपाटामागे. माझ्या इस्त्रीची नळी गेली की अगदी असाच आवाज येतो. बारीक. सुईच्या नेढ्यातून फुंकर मारावी तसा."

भूलताई उठल्या. कान दिला. काही ऐकू आलं नाही. मग त्यांनी मामांकडे पाहिलं. मामांचा चेहरा पांढरा पडला होता.

"आहे," मामा म्हणाले. "आवाज आहे. पण मॅडम, तो तर पहिल्यापासूनच आहे. मला वाटायचं हा खोलीचाच आवाज."

मास्तरांना वॉर्डात नेल्यावर दोघांनी मिळून टाक्यांच्या दोऱ्यांचं ते अवजड कपाट पुढे ओढलं. मागे भिंतीत नायट्रसचं एक जुनं तोंड होतं, कधीकाळी टेबल त्या बाजूला असताना वापरलेलं. मामांनी त्यावर साबणाचं पाणी लावलं. फुगा आला. लिंबाएवढा झाला, मोसंब्याएवढा झाला, फुटला आणि लगेच दुसरा आला. आतली रबराची चकती विरून गेली होती. थिएटरची हवा यंत्रं सतत बदलत असल्यामुळे कुणाला कधी काही झालं नव्हतं. ती हवा वर जात होती, एवढंच.

मामा खाली जाऊन मुख्य झडप बंद करून आले. आवाज थांबला. आणि तेव्हा कुठे भूलताईंना कळलं, की इतकी वर्षं तो होता.

मामा कपाटाला टेकून खाली बसले. शर्टाची वरची गुंडी त्यांनी काढली. हे कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"दर सोमवारी एक. दर गुरुवारी एक," ते म्हणाले. "सुट्टीच्या दिवशी येऊन बदलली मी सिलिंडरं. एकदा ताप असताना आलो. कशासाठी? बावीस वर्षं मी आभाळाला भूल देत होतो, मॅडम."

भूलताई त्यांच्याशेजारी जमिनीवरच बसल्या. "मामा, मी त्याच खोलीत सव्वीस वर्षं आहे," त्या म्हणाल्या. "माझे कानही तुमच्याच शेजारी होते."

"तुम्ही विचारलंत तरी," मामा म्हणाले. "मी कधी विचारलं नाही, संपतंय कशानं. संपलं की बदलायचं, एवढंच शिकलो."

नायट्रसचा पाइप कायमचा बंद झाला. लागलाच तर म्हणून यंत्राला एक लहान सिलिंडर जोडलं आणि पुढे महिनाभर त्याचा काटा जरासाही हलला नाही. चौथ्या आठवड्याच्या बैठकीत भूलताईंनी आकडे मांडले. निम्मं म्हणाल्या होत्या, घट नव्वद टक्क्यांच्या घरात गेली होती. टाळ्या पडल्या. अधीक्षकांनी या वेळी बिस्किट आधीच खाऊन टाकलं होतं. त्यांनी विचारलं, "यातलं तुमच्या त्या कमी वायूच्या पद्धतीमुळे किती?"

भूलताईंनी घसा साफ केला. "तसं पाहिलं तर थोडं. ती चालू ठेवायचीच आहे, पण बाकी सगळं एका रबराच्या चकतीमुळे."

"आणि ती शोधली कुणी?"

"पेशंटनं."

"ऑपरेशन चालू असताना?"

"हो."

अधीक्षकांनी इतिवृत्तात ते तसंच लिहायचं की नाही, यावर पुढची दहा मिनिटं गेली. सर्जन टेबलाखाली मनगट सरळ ठेवून बघत होता.

मामा काही दिवस गप्प गप्प होते. सोमवारी सवयीनं पाना घेऊन खाली जात आणि बंद खोलीसमोर उभे राहत. मग भूलताईंनी त्यांना वायूंवरचं एक सोपं पुस्तक दिलं आणि म्हटलं, सगळ्या रुग्णालयातली गळती शोधा. मामांनी मनावर घेतलं. पंधरा दिवसांत त्यांनी ऑक्सिजनचे दोन जोड, शोषणयंत्राची एक नळी आणि अधीक्षकांच्या खोलीतलं बेसिन पकडलं. पेशंटांशी बोलू लागले, प्रश्न विचारू लागले. कान टवकारून चालणारा माणूस म्हणून मामा प्रसिद्ध झाले.

पुस्तक परत द्यायला ते एका रविवारी सकाळी भूलताईंच्या घरी आले. घरात भूलताई, त्यांचा नवरा आणि सासूबाई. चहा झाला. भूलताई रंगात आल्या होत्या. माणसाला रोजचा आवाज ऐकू कसा येत नाही, सवय ही सगळ्यांत मोठी भूल कशी, हे त्या नवऱ्याला समजावून सांगत होत्या. नवरा हे चौथ्यांदा ऐकत होता आणि चौथ्यांदा मान डोलावत होता.

मामांनी कप हळूच बशीत ठेवला. मान तिरकी केली.

"मॅडम, राग मानू नका. पण तुमच्याकडे कुठेतरी गळतंय."

"आमच्याकडे? शक्य नाही."

"आमच्याकडे कसला आवाज?" नवरा म्हणाला. "आमचं घर इतकं शांत आहे, की पाहुणे म्हणतात इथे छान झोप लागते."

मामा उठले. कान पुढे करून बोळातून गेले आणि संडासाच्या दारापाशी थांबले. फ्लशच्या टाकीचं झाकण उचललं. आत पाण्याची बोटाएवढी धार अखंड वाहत होती. टाकीच्या भिंतीवर तिनं एक हिरवी रेघसुद्धा आखून ठेवली होती.

"किती वर्षं चालू असेल हे?" भूलताईंनी विचारलं. विचारताना त्यांचा आवाज जरा बारीकच झाला होता.

नवऱ्यानं छताकडे पाहिलं. भूलताईंनी सासूबाईंकडे पाहिलं.

"अगं, बारा वर्षं झाली की," सासूबाई म्हणाल्या. "मी पहिल्याच आठवड्यात ऐकलं होतं. पण तुम्ही दोघं एवढी शिकलेली, कुणीच काही बोलेना. मला वाटलं, मुद्दाम लावून घेतलंय. झोप चांगली लागावी म्हणून."